कार्ड दमदार, किंमत कमी, तरी गिऱ्हाईक दुसऱ्याच दुकानात

प्रश्न थोडक्यात असा: दोन ग्राफिक्स कार्डं आहेत. दुसऱ्याची मेमरी जास्त, बँडविड्थ (मेमरीतून माहिती वाहण्याचा वेग) जास्त, टेराफ्लॉप्स (सेकंदाला किती लाख कोटी गणितं) जास्त आणि किंमत मात्र कमी. तरी बाजार पहिल्याच्याच मागे धावतो. हा नुसता नावाचा महिमा, की सॉफ्टवेअरच्या पाठबळानं खरंच एवढा फरक पडतो?

पडतो, आणि तो मोजताही येतो. चौरस मिलिमीटरमध्ये.

इंटेलचं आर्क बी५८० डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरना आलं. त्यातली चिप २७२ चौरस मिलिमीटरची आहे. त्याच्यासमोर एनव्हिडियाचं आरटीएक्स ४०६० होतं. त्याची चिप १५९ चौरस मिलिमीटरची आणि किंमत २९९ डॉलर. दोन्ही चिप तैवानच्या टीएसएमसी या चिप-कारखान्याच्या ५ नॅनोमीटर घराण्यातल्याच प्रक्रियेवर बनतात. ३०० मिलिमीटरच्या एका वेफरमधून, म्हणजे सिलिकॉनच्या चकतीतून, ४०६० च्या साधारण ३९० चिप निघतात आणि बी५८० च्या २२०. खराब निघणाऱ्या वेगळ्या. म्हणजे इंटेल जवळजवळ पावणेदोन पट सिलिकॉन खर्चतं, त्यातून स्पर्धकापेक्षा थोडा जास्त वेग काढतं आणि वर ५० डॉलर कमी घेतं. ग्राहकाची चंगळ, कंपनीच्या नफ्याचा मात्र भुगा.

सगळा फरक सॉफ्टवेअरचा नाही, हे आधीच सांगायला हवं. बी५८० ची मेमरी बस (चिप आणि मेमरी यांच्यातला रस्ता) १९२ बिटची आहे, ४०६० ची १२८ बिटची. त्या रुंद बसलाही जागा लागते. चिपच्या रचनेतला अनुभवही कमी पडतो. तरी मुख्य दुखणं हेच: जे काम ड्रायव्हरनं (कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) आणि कंपायलरनं (प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणारं) करायचं ते झालं नाही, की ती तूट सिलिकॉननं भरून काढावी लागते. ती तूट दर कार्डामागे, दर वेफरमागे, पुन्हा पुन्हा भरावी लागते. ड्रायव्हरवरचा खर्च एकदा केला की पुढच्या प्रत्येक चिपला उपयोगी पडतो. स्पर्धेचं सगळं गणित या एका फरकात आहे.

बी५८० च्या दोन वर्षं आधीच्या आर्क ए७७० मध्ये ही तूट आणखी उघडी दिसत होती. ती चिप ४०६ चौरस मिलिमीटरची, २,१७० कोटी ट्रान्झिस्टरची. आरटीएक्स ३०६० ची २७६ चौरस मिलिमीटरची, सुमारे १,२०० कोटी ट्रान्झिस्टरची आणि तीही सॅमसंगच्या जुन्या ८ नॅनोमीटर प्रक्रियेवरची. ए७७० च्या ८ जीबी आवृत्तीची किंमत ३०६० एवढीच, ३२९ डॉलर. नव्या गेममध्ये दोघांची बरोबरी व्हायची, जुन्या गेममध्ये ए७७० मागे पडायचं. इंटेलच्या तेव्हाच्या प्रमुखांनी जुलै २०२२ मध्येच कबूल केलं होतं, की प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्सचं सॉफ्टवेअर वेगळ्या कार्डालाही चालेल असा अंदाज होता आणि तो पार चुकला.

तो का चुकला, हे कळायला ड्रायव्हर काय करतो ते पाहावं लागेल.

ड्रायव्हर हा शब्दच फसवा आहे. प्रिंटरच्या ड्रायव्हरसारखं काहीतरी लहानसं असेल असं वाटतं. प्रत्यक्षात ग्राफिक्स ड्रायव्हर म्हणजे एक लहान ऑपरेटिंग सिस्टिम आणि तिच्या जोडीला चार-पाच कंपायलर. विंडोजमध्ये त्याचे दोन भाग असतात. एक कर्नलमध्ये बसतो. तो मेमरी वाटतो, कामं रांगेत लावतो, घड्याळाचा वेग आणि व्होल्टेज सांभाळतो. दुसरा प्रत्येक गेमच्या किंवा प्रोग्रामच्या आत चालतो. तो डायरेक्टएक्स, ओपनजीएल, व्हल्कन या गेमच्या ठरावीक बोलींमधले आदेश त्या चिपच्या भाषेत उतरवतो. चिपनं दोन सेकंद प्रतिसाद दिला नाही तर विंडोज ती अडकली असं समजून ड्रायव्हर नव्यानं सुरू करतं. पडदा काळा होऊन परत येतो तो यामुळे. दोन सेकंद ही मूळ मर्यादा आहे. रजिस्ट्रीत ती वाढवता येते, पण बहुतेक वेळा त्यानं रोग झाकला जातो, बरा होत नाही.

कंपायलरचं काम सगळ्यात कमी दिसतं आणि सगळ्यात जास्त भोवतं. गेमसोबत येणारे शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम) अर्धवट शिजवलेले असतात. ते तुमच्या चिपच्या मशीन कोडमध्ये ड्रायव्हरच उतरवतो. एनव्हिडियाच्या ए१०० किंवा एच१०० या डेटा सेंटरच्या चिपमधल्या एका गणन-गटात ६५,५३६ रजिस्टर (हाताशी आकडे ठेवायचे कप्पे) आहेत आणि त्यात जास्तीत जास्त २,०४८ थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे धागे) राहू शकतात. भागाकार केला तर दर थ्रेडला ३२ रजिस्टर. कंपायलरनं ३२ मध्ये भागवलं तर गट पूर्ण भरतो. ६४ वापरले तर अर्धेच थ्रेड मावतात. मेमरीतून आकडा यायला शेकडो क्लॉक लागतात. तेवढ्या वेळात दुसरे थ्रेड काम करत राहावेत म्हणून तर ही गर्दी हवी असते. गर्दी नसेल तर चिप नुसती वाट बघते आणि कागदावरचे टेराफ्लॉप्स कागदावरच राहतात. उलट बाजूही आहे: कधी जास्त रजिस्टर घेऊन कमी थ्रेड चालवणंच फायद्याचं ठरतं. कोणत्या शेडरला काय मानवतं याचं ज्ञान हजारो शेडर तपासूनच जमतं. घाईनं चार-दोनशे इंजिनियर भरती केले म्हणून ते एका वर्षात येत नाही.

डायरेक्टएक्सच्या पिढ्यांमध्ये जबाबदारीची वाटणी बदलत गेली. डायरेक्टएक्स ९ आणि ११ मध्ये मेमरीत काय ठेवायचं, कोणतं टेक्स्चर (पृष्ठभागाचं चित्र) लिहून झालंय आणि वाचायला सुरक्षित आहे, काम किती थ्रेडमध्ये वाटायचं, हे सगळं ड्रायव्हर बघतो. १२ मध्ये आणि व्हल्कनमध्ये यातलं बरंचसं गेम इंजिनच्या गळ्यात टाकलं गेलं. म्हणून नवखी कंपनी डायरेक्टएक्स १२ मध्ये लवकर सावरते आणि घोडं पेंड खातं ते ९ आणि ११ मध्ये. जुन्या कंपन्यांकडे तिथे वीस वर्षांच्या युक्त्या साठलेल्या असतात.

इंटेलनं आर्कमध्ये डायरेक्टएक्स ९ साठी स्वतःचा ड्रायव्हर लिहिलाच नाही. मायक्रोसॉफ्टचा एक थर वापरून ९ चे आदेश १२ मध्ये भाषांतरित केले. गेम चालायचे, पण रखडत. मग मोजक्या लोकप्रिय गेमसाठी वेगळे रस्ते काढले. फेब्रुवारी २०२३ मध्ये इंटेलनं सांगितलं, की निवडक डायरेक्टएक्स ९ गेममध्ये पहिल्या ड्रायव्हरच्या तुलनेत १०८०पी वर सरासरी ४३ टक्के वेग वाढलाय. त्याच वेळी ए७५० ची किंमत २८९ वरून २४९ डॉलरवर आणली. ऑगस्ट २०२३ मध्ये डायरेक्टएक्स ११ चा नवा ड्रायव्हर आला. कंपनीच्याच आकड्यानुसार सरासरी १९ टक्के वाढ. आकडे कंपनीचे आहेत, गेमही तिनंच निवडलेले, तेव्हा थोडं तिखटमीठ वजा करून घ्यावं. पण चिपमध्ये एक ट्रान्झिस्टरही बदलला नव्हता, ही गोष्ट उरतेच. ही वाढ कार्ड बाजारात येताना असती तर किंमत उतरवायची वेळ आली असती का? परीक्षणं पहिल्या आठवड्यात होतात आणि तीच वर्षानुवर्षं शोधात वर येत राहतात. वरातीमागून आलेल्या ड्रायव्हरसाठी कुणी नवं परीक्षण लिहीत नाही.

बी५८० ला वेगळाच फटका बसला. जानेवारी २०२५ मधल्या चाचण्यांत दिसलं, की रायझन ५ २६०० सारख्या जुन्या किंवा ५६०० सारख्या मध्यम प्रोसेसरबरोबर हे कार्ड काही गेममध्ये ४०६० च्याही मागे जातं. कारण ड्रायव्हर प्रत्येक आदेशामागे प्रोसेसरचा वेळ जास्त खातो. ६० फ्रेमसाठी दर फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात, १४४ साठी फक्त ६.९. त्यातले एक-दोन मिलिसेकंद ड्रायव्हरनंच घेतले तर वेगवान प्रोसेसर ते पचवतो, जुना पचवू शकत नाही. परीक्षकांच्या टेबलावर सगळ्यात वेगवान प्रोसेसर असतो, म्हणून सुरुवातीला हे दिसलंच नाही. आणि २४९ डॉलरचं कार्ड घेणाऱ्याच्या घरी नेमका जुना प्रोसेसर असतो! ज्या गिऱ्हाइकासाठी वस्तू बनवली त्यालाच ती लंगडी मिळाली.

आर्क आधीच घेतलं असेल तर दोन गोष्टी तपासा. बायोसमध्ये सीएसएम बंद, अबव्ह ४जी डिकोडिंग चालू आणि रिसाइझेबल बार चालू. विंडोज जुन्या एमबीआर पद्धतीच्या डिस्कवर असेल तर सीएसएम बंद केल्यावर ते सुरूच होणार नाही. डिस्क आधी जीपीटी करून घ्या. रिसाइझेबल बार नसेल तर प्रोसेसरला कार्डाच्या मेमरीत फक्त २५६ एमबीच्या खिडकीतून डोकावता येतं. आर्कचा ड्रायव्हर पूर्ण दार उघडं आहे असं धरूनच लिहिलाय, त्यामुळे वेग ठळकपणे कोसळतो आणि झटके बसतात. दुसरी गोष्ट विजेची. पहिल्या पिढीचं आर्क रिकामं असतानाही खूप वीज ओढतं. बायोसमध्ये पीसीआय एक्सप्रेस रूट पोर्टचं एएसपीएम एल१ वर ठेवा आणि विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये लिंक स्टेट पॉवर मॅनेजमेंट जास्तीत जास्त बचतीवर. ग्राहकाला बायोसमध्ये शिरावं लागतं, हेच खरं तर सॉफ्टवेअरचं अपयश आहे.

गेमनिहाय जुळणीचा इतिहास जुना आहे आणि नेहमीच सोज्वळ नाही. २००१ मध्ये एटीआय या कार्ड बनवणाऱ्या कंपनीच्या रेडिऑन ८५०० चा ड्रायव्हर क्वेक ३ या गेमची फाइल नावावरून ओळखून टेक्स्चरचा दर्जा उतरवत होता. फाइलचं नाव क्वॅक केल्यावर चित्र सुधारलं, वेग घटला आणि बिंग फुटलं. आज अशा जुळण्या सर्रास असतात, फक्त दर्जा न उतरवता. गेमची एखादी सदोष सवय सांभाळून घेणं, गेमच्या शेडरऐवजी हातानं लिहिलेला चांगला शेडर देणं, थ्रेडची वाटणी बदलणं. पण गेमच्या आत किती हात घालायचा यालाही मर्यादा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये एनव्हिडियाच्या जुन्या स्पर्धक एएमडीच्या अँटी-लॅग प्लस या उशीर कमी करणाऱ्या सोयीनं काउंटर-स्ट्राइक २ या गेमच्या इंजिनमधली फंक्शन्स परस्पर अडवली. गेम बनवणाऱ्या व्हॉल्व्हच्या फसवणूकविरोधी यंत्रणेला ती फसवणूक वाटली आणि प्रामाणिक खेळाडूंच्या खात्यांवर बंदी आली. एएमडीला ती सोय मागे घ्यावी लागली. गेमच्या निर्मात्याशी आधी बोलणं झालं असतं तर हे टळलं असतं. पाठबळ म्हणजे नुसता कोड नव्हे. दोनशे स्टुडिओंशी रोजचा संबंधही त्यात येतो आणि तो उभा करायला कोडपेक्षा जास्त वेळ लागतो.

ज्यांच्याकडे हे काहीच नव्हतं त्यांचं काय झालं? चीनच्या मूर थ्रेड्सचं एमटीटी एस८० नोव्हेंबर २०२२ मध्ये आलं. ४,०९६ कोअर, १६ जीबी मेमरी, पीसीआय एक्सप्रेस ५.०, १४.४ टेराफ्लॉप्स. कागदावर ३०६० च्या वर. सुरुवातीला अधिकृतपणे चालणाऱ्या गेमची यादी साठेकच नावांची होती.

गेमिंगमध्ये तूट टक्क्यांत मोजतात. गणनेच्या क्षेत्रात, म्हणजे कार्डाकडून एआयसारखी गणितं करून घेताना, ती होय-नाहीमध्ये असते. एनव्हिडियानं कुडा ही अशी गणितं लिहिण्याची यंत्रणा नोव्हेंबर २००६ मध्ये ८८०० जीटीएक्सबरोबर जाहीर केलं, पहिली पूर्ण आवृत्ती २००७ मध्ये आली. महत्त्वाचा निर्णय असा, की तेव्हापासून प्रत्येक जीफोर्सवर कुडा चाललं, अगदी स्वस्तातल्या कार्डावरही. विद्यार्थी गेमसाठी घेतलेल्या कार्डावरच शिकले. २०१२ मध्ये अॅलेक्सनेट या नेटवर्कनं चित्र-ओळखीत सगळ्यांना मागे टाकलं ते दोन जीटीएक्स ५८० कार्डांवर शिकून, प्रत्येकी ३ जीबीच्या. दुकानात मिळणारी गेमिंगची कार्डं. २०१४ मध्ये कुडीएनएन ही न्यूरल नेटवर्कसाठीची तयार लायब्ररी आली, आणि पुढे टेन्सरफ्लो व पायटॉर्च ही एआय बनवण्याची साधनं लिहिली गेली ते हे सगळं हाताशी आहे असं धरूनच. पहिल्या पाच-सहा वर्षांत चिपमधली कुडासाठीची जादा जागा निव्वळ ओझं होती. हे ओझं वाहणं हीच या धंद्यातली सगळ्यात मोठी गुंतवणूक ठरली.

कुडाला एएमडीचं उत्तर असलेला रॉकएम २०१६ मध्ये आला. एका तांत्रिक निवडीनं त्याला आजवर पिडलंय. कुडाचा प्रोग्राम पीटीएक्स नावाच्या मधल्या भाषेत साठवता येतो. चिप नवी असली तरी ड्रायव्हर तो जागेवर तिच्या भाषेत उतरवतो. त्यामुळे जुना प्रोग्राम नव्या कार्डावर, थोडा रखडत का होईना, चालतो. रॉकएममध्ये प्रत्येक चिपसाठी थेट मशीन कोड बनवून द्यायची पद्धत पडली. आरएक्स ६८०० म्हणजे जीएफएक्स१०३०, ६७०० एक्सटी म्हणजे जीएफएक्स१०३१, ७९०० एक्सटीएक्स म्हणजे जीएफएक्स११००. गणिती लायब्ररीत तुमच्या क्रमांकाची फाइल नसेल तर प्रोग्राम सुरू होतानाच कोसळतो. लायब्ररीचा आकार अनेक जीबी होतो, तो आकार आवरायला यादीतून चिप गाळल्या जातात आणि गाळल्या जातात त्या नेमक्या विद्यार्थ्यांच्या कार्डातल्या. ६७०० एक्सटीवाले काय करतात? एचएसए ओव्हरराइड जीएफएक्स व्हर्जन हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल १०.३.० ठेवून कार्ड ६८०० असल्याचं सोंग आणतात. दोघांचे सूचनासंच जुळतात म्हणून हे चालतं. वेगळ्या पिढीच्या कार्डाला हेच सोंग द्याल तर चिप अडकेल किंवा उत्तरं चुकतील. एका घराण्याला एकच सामायिक कोड पुरेल अशी सोय एएमडीच्या कंपायलरमध्ये अलीकडे आली आहे. ती २०१६ मध्ये यायला हवी होती.

उशिराचे आकडे बघा. ७९०० एक्सटीएक्स डिसेंबर २०२२ मध्ये विकायला आलं, पायटॉर्चसाठी अधिकृत पाठिंबा ऑक्टोबर २०२३ मध्ये, तोही लिनक्सवर. आरएक्स ९०७० मार्च २०२५ मध्ये आलं, रॉकएममध्ये त्याचं नाव मे महिन्यात. दहा महिन्यांवरून दोनवर आले, ही प्रगतीच. एनव्हिडियाही यात निर्दोष नाही. आरटीएक्स ५०९० जानेवारी २०२५ अखेरीस आलं, कुडा १२.८ त्याच महिन्यात तयार होतं, पण पायटॉर्चची स्थिर आवृत्ती एप्रिलमध्ये आली. तोवर लोक नाइटली बिल्डवर (रोज बनणारी कच्ची आवृत्ती) भागवत होते. फरक एवढाच, की तिथे ते कधीतरी नक्की चालणार याची कुणाला शंका नव्हती.

कुडाचा कोड हिपमध्ये, म्हणजे एएमडीच्या कुडासारख्या भाषेत, आणणं सोपं असतं, असं म्हणतात. वरवरचं खरंच सोपं आहे. फंक्शनच्या नावातला कुडा काढून हिप घालणारी साधनं आहेत आणि ती बहुतेक ओळी निमूट बदलतात. उरतं ते कठीण. एनव्हिडियात थ्रेडची तुकडी ३२ ची, एएमडीच्या डेटा सेंटर चिपमध्ये ६४ ची. कोडमध्ये कुणी ३२ बिटचा मास्क (कोणते थ्रेड मोजायचे याची खूण) हातानं लिहिला असेल तर अर्धे थ्रेड मोजणीतून गळतात, आणि प्रोग्राम कोसळत नाही. चुकीचं उत्तर देऊन शांतपणे पुढे जातो. एच१०० मध्ये एका गटाची सामायिक मेमरी २२८ केबीपर्यंत, एएमडीच्या एमआय३००एक्समध्ये ६४ केबी. त्यामुळे मॅट्रिक्सचे तुकडे ज्या मापानं कापले होते ते माप बदलतं आणि जुळवणी पहिल्यापासून करावी लागते. थेट पीटीएक्समध्ये लिहिलेल्या ओळी असतील तर त्या हातानंच पुन्हा लिहायच्या. पोर्ट केलेला प्रोग्राम चालणं आणि वेगानं चालणं यांत अनुभवी माणसाचे काही महिने जातात.

ज्यांनी स्वतः काहीच लिहिलं नाही, नुसता तयार प्रोग्राम वापरला, त्यांना काय सोसावं लागतं याचं उत्तम उदाहरण ब्लेंडर हा थ्रीडी चित्रांचा प्रोग्राम आहे. डिसेंबर २०२१ च्या ब्लेंडर ३.० नं सायकल्स या आपल्या रेंडर यंत्रणेतून ओपनसीएल (अनेक कंपन्यांच्या चिपवर चालणारं सामायिक मानक) काढून टाकलं. त्या मानकाची वाढ खुंटली होती आणि ड्रायव्हरमधले दोष निस्तरताना विकासकांचा वेळ जात होता. एएमडीसाठी हिप आलं, पण नव्या आर्किटेक्चरच्या कार्डांसाठी. आरएक्स ५८० असलेल्यांना एका अपडेटमध्ये कार्डावर रेंडर करणं बंद झालं. त्याच काळातलं, साधारण त्याच किमतीचं जीटीएक्स १०६० कुडावर चालत राहिलं. अॅनिमेशन शिकणाऱ्या ज्या पोरांनी मेमरी जास्त म्हणून ८ जीबीचं ५८० घेतलं होतं, त्यांनी पुढचं कार्ड घेताना आकड्यांचा तक्ता वाचला असेल असं वाटत नाही.

मोठ्या चिपमध्येही तेच. एमआय३००एक्स डिसेंबर २०२३ मध्ये आली: १९२ जीबी मेमरी, ५.३ टीबी प्रतिसेकंद बँडविड्थ, १६ बिटमध्ये १,३०७ टेराफ्लॉप्स. एच१०० चे आकडे ८० जीबी, ३.३५ टीबी, ९८९ टेराफ्लॉप्स. तिन्हींत एएमडी पुढे. वर्षभरानं, डिसेंबर २०२४ मध्ये, चिप उद्योगाचा अभ्यास करणाऱ्या सेमीअॅनालिसिसनं काही महिन्यांच्या चाचण्या प्रसिद्ध केल्या. मॉडेल शिकवण्यात ही चिप आकड्यांच्या जवळपासही पोहोचत नव्हती आणि सर्वसामान्य आवृत्तीतले दोष कंपनीच्या इंजिनियरांनी खास बिल्ड बनवून टाळावे लागत होते. खास बिल्ड म्हणजे काय, तर गिऱ्हाइकाच्या हाती न लागणारा वेग.

मग या चिप कुणीच घेत नाही का? घेतात, आणि कोण घेतं ते बघण्यासारखं आहे. मेटाच्या लामा ३.१ या एआय भाषा-मॉडेलांतलं सर्वांत मोठं मॉडेल ४०५ अब्ज पॅरामीटरचं आहे. दर पॅरामीटरला दोन बाइट धरले तर ८१० जीबी. आठ एच१०० ची मेमरी ६४० जीबी. त्यात ते मावतच नाही. आठ एमआय३००एक्सची १,५३६ जीबी. एका सर्व्हरमध्ये ऐसपैस बसतं. मेटानं हे मॉडेल चालवायला याच चिप वापरल्याचं एएमडीनं जाहीर केलंय. एकच मॉडेल, एकच काम, आणि जुळवणी करायला स्वतःचे इंजिनियर. अमेरिकेतल्या ओक रिजमधला फ्रंटियर मे २०२२ मध्ये एक एक्झाफ्लॉप (दहा लाख टेराफ्लॉप्स) ओलांडणारा पहिला सुपरकॉम्प्युटर ठरला, तोही एएमडीच्या चिपवर. तिथल्या शास्त्रीय प्रोग्रामांच्या जुळवणीसाठी अमेरिकी सरकारचा अनेक वर्षांचा स्वतंत्र कार्यक्रम चालला होता. सॉफ्टवेअरचा खर्च टळला नव्हता. तो गिऱ्हाइकानं उचलला. असं गिऱ्हाईक मोठी सवलत मागतं आणि ती द्यावीच लागते.

ज्यांना हा खर्च उचलता येत नाही, ते तयार रस्ता धरतात. पुण्यात सी-डॅकमध्ये उभा राहिलेला परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ वा होता. तो एनव्हिडियाच्या डीजीएक्स ए१०० यंत्रांचा बनलेला आहे. जानेवारी २०२५ मध्ये इंडिया एआय मिशनखाली १८,६९३ चिप जाहीर झाल्या, त्यात एच१०० एकट्या १२,८९६. दहातल्या जवळजवळ सात. स्टार्टअप, कॉलेजं, संशोधक असे नाना तऱ्हेचे लोक एकच यंत्रणा वापरणार असतील, तर कुणाचा कोणता प्रोग्राम अडेल हे आधी सांगता येत नाही. अशा वेळी खरेदी करणारा वेगाला पैसे देत नाही, न अडण्याला देतो.

कार्डाच्या आयुष्याचाही हिशेब धरा. एएमडीनं २०१५ च्या फ्युरी एक्सचा ड्रायव्हर २०२१ मध्ये थांबवला, सहा वर्षांत. एनव्हिडियाच्या २०१६ च्या जीटीएक्स १०८० ला गेमसाठीचे नवे ड्रायव्हर २०२५ पर्यंत मिळाले. ऑक्टोबर २०२५ मध्ये एएमडीनं आरएक्स ५००० आणि ६००० मालिका फक्त देखभालीच्या गटात टाकल्याचं कळताच गदारोळ झाला आणि कंपनीला खुलासे करावे लागले. ६००० मधली काही कार्डं तेव्हा दुकानात नवी मिळत होती. उलट जानेवारी २०२५ च्या डीएलएसएस ४ या एआयनं चित्र सुधारणाऱ्या एनव्हिडियाच्या सोयीतलं सुधारित चित्र २०१८ च्या आरटीएक्स २० मालिकेलाही मिळालं. जुन्या कार्डाची पुनर्विक्री किंमत यावर ठरते, आणि ती चांगली असेल तर नवं कार्ड महाग विकता येतं.

सॉफ्टवेअर कंपनीनंच लिहायला हवं असं मात्र नाही. लिनक्सवर रेडिऑनचा सर्वांत भरवशाचा व्हल्कन ड्रायव्हर आरएडीव्ही आहे. तो २०१६ मध्ये बाहेरच्या लोकांनी सुरू केला, व्हॉल्व्हनं त्याला एसीओ हा वेगवान शेडर कंपायलर दिला आणि व्हॉल्व्हचा स्टीम डेक हा हातात धरायचा गेमिंग संगणक त्यावरच चालतो. २०२५ मध्ये एएमडीनं स्वतःचा समांतर ड्रायव्हर बंद करून त्यालाच आपलं म्हटलं. चिपची कागदपत्रं उघडी ठेवली म्हणूनच हे जमलं. गणनेतही ट्रायटनसारख्या भाषा आणि पायटॉर्च २ चा कंपायलर कुडाची भिंत थोडी खाली आणतायत, कारण त्यात लिहिलेला कोड चिप न बघता लिहिता येतो. पण त्या भाषेतून चिपपर्यंतचा शेवटचा टप्पा कंपनीलाच बांधावा लागतो.

आता व्यवहाराचं. कार्ड घेण्याआधी तुमच्या तीन-चार नेमक्या प्रोग्रामांची यादी करा आणि त्या प्रत्येकाच्या पाठिंब्याच्या यादीत कार्डाचं नाव शोधा. घराण्याचं नाही, त्या मॉडेलचं. एएमडी असेल तर जीएफएक्स क्रमांक आणि विंडोज की लिनक्स, दोन्ही बघा. आर्क असेल तर तुमच्याइतक्या जुन्या प्रोसेसरवर केलेली चाचणी शोधा. परीक्षण कोणत्या ड्रायव्हर आवृत्तीवर केलंय ते वाचा. सहा महिने जुनं असेल तर इंटेल आणि एएमडीच्या बाबतीत ते अर्धवटच समजा. कंपनी बदलत असाल तर जुना ड्रायव्हर सेफ मोडमध्ये डीडीयूनं (ड्रायव्हर पुसण्याचा प्रोग्राम) पुसा, इंटरनेट तोडून. नाहीतर विंडोज अपडेट मध्येच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं आणि मग दोष कार्डाला लागतो.

पन्नास-शंभर कार्डं एकदम घेणार असाल तर आधी दोन भाड्यानं घ्या. आपलाच प्रोग्राम सलग ७२ तास चालवा आणि वेगाआधी दोन गोष्टी नोंदवा: किती वेळा अडकला, आणि उत्तरं जुन्या कार्डाशी जुळतात का. मग एक खराखुरा दोष कंपनीच्या सार्वजनिक नोंदवहीत टाका. पहिलं उत्तर माणसाचं आलं की यंत्राचं, दुरुस्ती नाइटलीत किती दिवसांनी आली आणि स्थिर आवृत्तीत किती दिवसांनी, हे लिहून ठेवा. निविदेतल्या किमतीच्या रकान्याशेजारी हे दिवस मांडा.